ताईच्या झाडांचा वसवा

बोरी बुद्रुक
९ फेब्रुवारी २०२५

अंजनाताई,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि कपिलच्या फोनवर करावा तर तुझा लेक दर वेळी सांगतो, "मामा, आई अंघोळीला गेलीय." दिवसातून इतक्या वेळा अंघोळ करणारी बाई अख्ख्या आंबेगाव तालुक्यात दुसरी नसेल. म्हणून पत्र. बोरीहून अवसरीला मोटारसायकलवर येणं अवघड नाही, पण दारातून परत फिरायचं असेल तर ते काम पोस्टमननं केलेलं बरं. पत्र तुला फाडता येईल, माझं बोलणं मधेच तोडता येणार नाही.

काल वखारवाले जानकूशेठ रानात आले होते. मी डाळिंबात होतो. बघतो तर हे गृहस्थ हातात लाल रंगाचा डबा घेऊन पश्चिमेच्या बांधावर फिरतायत आणि तुझ्या एकेका झाडाच्या बुंध्यावर फुली मारतायत. आंबा झाला, जांभूळ झालं, दोन्ही करंज झाले, शिरस झाला.

"शेठ, हे काय चाललंय?"

"अंजनाबाईंनी झाडं दिली आमाला. जयंती झाली की आडवी करतो. तुमची पिडा गेली म्हना की रामदासभाऊ! लई वरसं वसव्याच्या नावानं बोंबलत व्हता."

ते हसले, मीही हसलो. घरी आलो आणि जेवलो नाही.

बोंबलत होतो, त्यात खोटं काही नाही. वाटणीत बांधापलीकडचं रान, बांध आणि त्यावरची वडिलांनी लावलेली झाडं तुझ्या वाट्याला गेली आणि त्यांची सावली माझ्या. दुपार कलली की ती माझ्या रानात पसरते. तिच्याखाली कांदा लावावा तर करंगळीएवढा होणार, बाजरीला कणीस भरणार नाही. झाडाच्या सावलीनं आणि मुळांनी पीक असं खुरटलं की सगळा जुन्नर तालुका त्याला वसवा म्हणतो. तू एकटी त्याला रामदासचा कांगावा म्हणायचीस. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर विषय निघाला, तू ताटावरून उठलीस, आणि तेव्हापासून बोरीत पाय ठेवला नाहीस.

आता मनात हसायचं असेल तर हस, मी इथून बघू शकत नाही. त्या वसव्याच्या पट्ट्यात सध्या कॉफी आहे.

हा उद्योग तुझ्या भाचीचा. अमृता शेतीचं मोठं शिक्षण करून आली ती हे खूळ घेऊनच. बोरीत कॉफी! पारावरचे लोक मला बघून म्हणतात, "पावणं, चहा घ्या की. आमच्याकडं कॉफी न्हाई." डोंगरावरची जात इथं चालणार नाही म्हणून तिनं सखल भागातली जात आणली. निम्मी रोपं तिनं तुझ्या झाडांच्या सावलीत लावली आणि निम्मी माझ्या हट्टानं उघड्या रानात, माझ्या सगळ्यात चांगल्या मातीत. आज तिसरं वर्ष आहे. सावलीतली झाडं काळीभोर हिरवी आहेत. उघड्यावरच्यांबद्दल काही विचारू नकोस.

झाडं गेली तर पहिल्याच उन्हाळ्यात सगळी कॉफी होरपळेल. अमृता तसं म्हणाली नाही, वही काढून रोपं मोजत बसली. ती मोजायला लागली की मला भीती वाटते.

झाडं तुझी आहेत. ती तोडणं थांबवता येईल का, एवढंच विचारतो. याला विनंती समज, नाहीतर चौकशी समज.

रामदास भागुजी


बोरी बुद्रुक
९ मार्च

अंजनाताई, जयभीम.

तुझं उत्तर नाही. नसू दे. इथं एक घोळ झालाय आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. घरात सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही, तेव्हा तूच ऐक.

अमृता पुण्याला तिच्या सरांकडे गेली होती, पानं तपासायचं एक यंत्र मागून आणायला. तिथं तिला काही आठवडे अडकून पडावं लागलं. जाताना बजावून गेली, "बाबा, ठिबक रोज चालू ठेवा, बाकी कशाला हात लावू नका." आता मला सांग, जन्मभर डाळिंब केलेल्या माणसाला पाण्यातलं काय शिकवायचं? बहार धरायचा तर आधी पाणी तोडायचं. झाड तहानलं, पानं गाळू लागलं, की मग पाणी सोडायचं, म्हणजे फुलांनी लगडतं. ताण दिल्याशिवाय झाड फळाचं नाव काढत नाही, हे आपल्याकडचं शाळेत न गेलेलं माणूसही सांगेल. पोरीची झाडं तिसऱ्या वर्षाला आली तरी एक कळी नाही. मी म्हटलं, लाडावलीत. देऊ ताण.

ठिबकचा एक व्हॉल्व्ह बंद केला. त्याच्यावर सावलीतल्या निम्म्या ओळी आणि उन्हातल्या निम्म्या ओळी आहेत. दुसरा चालू ठेवला, सगळ्यांनाच ताण द्यायची माझी छाती झाली नाही.

अमृता आली ती बॅग न ठेवता थेट रानात गेली.

"बाबा, व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मी. ताण दिलाय."

"कुणाला?"

"कॉफीला."

"कॉफीला न्हाई, मला दिलाय तुमी!"

तिनं पाणी सोडायच्या आधी यंत्र बाहेर काढलं. म्हणाली, घोळ झालाच आहे तर आधी मोजून घेते. पानाला चिमटा लावायचा, की ते पान हवा किती आत ओढतंय, म्हणजे अन्न किती करतंय, त्याचा आकडा पडद्यावर दिसतो. मला शिक्षा म्हणून यंत्रावर छत्री धरायला उभं केलं. दिवसभर. तुझी भावजय जेवायला हाक मारत राहिली, आम्ही दोघं ओळीतून हललो नाही.

सकाळी उघड्यावरची, पाणी असलेली झाडं सगळ्यांत पुढे होती. माझी कॉलर ताठ. न्याहारी होईतो त्यांचा आकडा घसरायला लागला, आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी कामच बंद केलं. बुडाशी माती ओली, हाताला चिकटतेय, आणि वर पानं लोंबलेली! मी म्हटलं, अजून पाणी सोड. तर म्हणाली, "बाबा, पाणी कमी न्हाईये. हवा इतकी कोरडी आहे की पानानं तोंड उघडलं तर आतलं सगळं पाणी उडून जाईल. म्हणून ते तोंड मिटून बसतं. तोंड मिटलं की हवा आत येत नाही, मग अन्न कशाचं करणार? आणि वरून ऊन तर ओतायलाच लागलंय." कॉफी म्हणे मुळात जंगलात, उंच झाडांच्या पायाशी वाढणारी. भर उन्हातला थोडा हिस्सा मिळाला तरी तिचं भागतं. उरलेलं तिला खपत नाही, ते नुसतं पान भाजत राहतं. पाणी तोडलेल्या, उन्हातल्या ओळींच्या पानांच्या कडा तर पापडासारख्या झाल्या होत्या.

तुझ्या झाडांखालच्या ओळी, जिथं पाणीही होतं, त्या हळूहळू सुरू झाल्या आणि दिवस कलेपर्यंत निवांत काम करत राहिल्या. कुठं घाई नाही, कुठं थांबणं नाही. दिवसाची बेरीज केली तर त्याच पुढे.

आणि सावलीतल्या, पाणी तोडलेल्या? त्यांची पानंही लोंबली. करंजाच्या जवळची जास्त, कारण तुझे करंज जमिनीखालून त्यांच्या तोंडचं पाणी ओढतात. हे मी मुद्दाम लिहितोय. वसवा खरा होता, ताई. पण लोंबलेली ती पानं हिरवी राहिली. अमृतानं पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मान वर. उघड्यावरच्यांची मान अजून खालीच आहे.

सावली एकटी पुरत नाही, पाणीही एकटं पुरत नाही, एवढं मला छत्री धरून कळलं. पाणी माझं आहे, विहिरीत भरपूर आहे. सावली तुझी आहे.

रामदास


बोरी बुद्रुक
२७ मार्च

अंजनाताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. "वसवा जातोय. आता खुशाल कांदा लाव. आणि विषय निघाला नव्हता, काढला होता." बस्स. खाली सही. माझी इतकी पानं आणि तुझ्या तीन ओळी. व्याकरणाच्या बाई झालीस का?

बरं. काढला होता. आता पुढे बोलू?

कपिलनं अमृताला फोन करून उपाय सुचवला की हिरवी जाळी मारा. पोरगा गुणी आहे, त्याला बोल लावत नाही. जाळीनं सावली पडते, कबूल. पण झाड नुसती सावली धरून उभं राहत नाही. ते उन्हाळी वारं अडवतं, त्याच्या पानांतून पाणी उडतं तशी आजूबाजूची हवा गार राहते, त्याचा पाचोळा मातीवर पडून ओल टिकवतो. हे सगळं अमृताचं बोलणं. माझं म्हणणं एवढंच की गेल्या वळवात शेजाऱ्याची जाळी उडाली ती आमच्या विहिरीत सापडली. तुझा आंबा आजवर कधी कुणाच्या विहिरीत गेलेला नाही.

अडला हरी कुणाचे पाय धरतो ते तुला आठवलं असेल. आठवू दे. म्हण पुरी मी करत नाही, कारण पाय तुझे आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. पाणी सोडल्याला आठ-दहा दिवस झाले असतील, सकाळी तुझी भावजय रानातून आली आणि म्हणाली, "अवं, कुनी गजरा टाकलाय का वं रानात? जाईचा वास येतोय." आम्ही गेलो. ताण दिलेल्या ओळींतल्या, तुझ्या सावलीतल्या काही झाडांना पेराला बिलगून पांढरी फुलं आली होती. एका रात्रीत. भाताच्या लाह्या चिकटवाव्या तशी. अमृतानं आधी फुललेली झाडं मोजली. मग म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं." मी म्हटलं, "परत म्हण." "तुमचं बरोबर होतं, पण कारण चुकीचं होतं." कॉफीलाही म्हणे फुलायला आधी तहान आणि मग पाणी लागतं, फक्त ते कधी आणि किती याला हिशेब आहे, आणि मी तो केला नव्हता. उघड्यावरच्या झाडांनीही कळ्या धरल्या होत्या. त्या तशाच वाळून गेल्या.

त्या फुलांपाशी ती लहानपणी बसायची तशी उकिडवी बसून राहिली. तिथंच तिनं मला सांगितलं. कुर्गकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून तिला नोकरीचं पत्र आलं आहे. एप्रिलअखेर कळवायचं आहे. मी विचारलं, मनात काय आहे? म्हणाली, "झाडं राहिली तर मी राहते. झाडं गेली तर हितं काय मोजत बसू?" मी तुला पत्रं लिहितो हे तिला माहीत नाही. कळलं तर मला रानात येऊ देणार नाही, तिला कुणापुढं हात पसरलेले आवडत नाहीत. या बाबतीत ती आत्यावर गेलीय.

बोरीतली पोरं शिकली की जातात. ही एकटी परत आली. तिनं पुन्हा जाऊ नये असं मला वाटतं, ताई. फार वाटतं. त्यासाठी मी तुझ्यापुढं हात पसरतोय, तो दिसत नसला तरी पसरलेला आहे असं समज.

रामदास


बोरी बुद्रुक
१६ एप्रिल

ताई,

काल फोनवर तुला कपिलनं जेवढं दाखवलं तेवढंच दिसलं. फोनच्या मागं काय चाललं होतं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

सकाळी मी रानात पोचलो तेव्हा जानकूशेठचा टेम्पो बांधाला लागलेला होता आणि त्यांचा माणूस करवतीत पेट्रोल ओतत होता. कपिल खाली मान घालून उभा. जयंतीच्या मिरवणुकीनं त्याचा घसा बसला होता, आणि माझ्याशी बोलायचं कसं म्हणूनही बसला असेल. अमृता आपल्या ओळीत यंत्र लावून बसली होती. मी म्हटलं, अगं, काहीतरी बोल. म्हणाली, "आत्याची झाडं हायेत, आत्या ठरवील. शेवटचा आकडा तर घेऊन ठेवते." एकाच पानाला ती पुन्हा पुन्हा चिमटा लावत होती. ते तुला दिसलं नाही.

मग मी कपिलला म्हटलं, "लाव तुझ्या आईला फोन. तोंड दिसतं तसला."

"मामा, आई..."

"अंघोळीला गेली असंल तर नळ बंद कर म्हणावं."

आणि तू दिसलीस. ताई, तुझे केस सगळे पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते तसंच ठेवून फोनसमोरून बाजूला झालो. तुला वाटलं असेल, हा अजून घुश्शात आहे. मी घुश्शात नव्हतो.

तू म्हणालीस, "आधी झाडं दाखव." कपिलनं फोन फिरवला. शिरस दाखवला, करंज दाखवले. आंब्यापाशी तू थांब म्हणालीस आणि विचारलंस, "कैऱ्या लागल्या का रं?" कपिलला काही सांगता येईना, म्हणून मी मागून ओरडलो, "औंदा लई लागल्यात." एवढंच आपलं बोलणं झालं, एवढ्या वर्षांनी. जानकूशेठ चपला काढून बांधावर बसले. त्यांनी तेव्हाच ओळखलं असावं.

तू अमृताला बोलावलंस. "पोरी, खरं सांग. तुला एवढी सावली पाहिजे?" हो म्हण, हो म्हण, असं मी मनात घोकत होतो. ही बया म्हणते, "न्हाई आत्या. एवढी नको. जांभळाखाली फार हाय. तिथल्या झाडांनी पानं मोठी केलीत, पण फूल एक न्हाई धरलं. अंधारात अन्नच पुरत नसणार. आन् करंज पाणी पितात."

मी डोक्याला हात लावला. हातातोंडाशी आलेला घास पोरीनं स्वतः खाली टाकला, असं वाटलं.

आणि तू हसायला लागलीस. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "म्हंजी वसवा हाय," म्हणालीस.

"हाय की आत्या."

"जांभळाखाली काय बी येत न्हाई, ते मला बी दिसत व्हतं. माझ्या बाजूचा हरभरा बी तिथं मरायचा. पन रामदासला कोन सांगतंय! त्यो पाव्हण्यांसमोर बोलला, मग मी कशाला हो म्हनू?"

हे तू बोललीस तेव्हा मी आंब्याच्या मागं होतो. तू कपिलला विचारलंस मामा कुठाय, आणि तो म्हणाला हितंच हायेत. मी हितंच होतो, पण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. माझा वसवा तू खरा मानलास. इतकं पुरे होतं मला, झाडं गेली असती तरी.

मग तू जानकूशेठना सांगितलंस की सौदा मोडला, जांभळाच्या फांद्या तेवढ्या उतरवा, त्याही अमृता दाखवील त्याच. आणि मला मोठ्यानं म्हणालीस, "रामदास, इतकी वरसं वसवा वसवा करीत व्हतास. आता वसवा की पोरीला हितंच!"

जानकूशेठ पहिले हसले. त्यांच्या लक्षात आधी आलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा तुझा फोन बंद झाला होता.

अमृता आजही यंत्र घेऊन रानातच आहे. काल संध्याकाळी तिनं कुर्गला नाही म्हणून कळवलं. मला म्हणाली, "बाबा, आत्याला पत्रं लिवली व्हती का तुमी?" मी म्हटलं, छे.

तुझा
रामदास


बोरी बुद्रुक
४ मे

ताई,

रोज दुपारी फोनवर भांडतोस काय आणि वर पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

जांभळाच्या बाकी फांद्या उतरवल्या, ती दक्षिणेची तेवढी मी उतरवू दिली नाही. तू काप म्हणालीस, अमृता काप म्हणाली, माणूस कोयता घेऊन वर चढला होता. मी त्याला खाली उतरवलं. उन्हाळा सरेपर्यंत राहू दे ती. मे महिन्यात कुणाच्या डोक्यावरचं छप्पर काढू नये. तुझी भावजय म्हणाली, "जन्मभर हीच झाडं तोडा म्हनून घर डोक्यावर घेतलं, आन् आता ह्यांनाच झाडांचा कळवळा आलाय." बोलू दे तिला.

करंजाच्या बाजूला अमृतानं चर खणून मुळं अडवली आणि त्या ओळींना पाण्याची जास्तीची नळी टाकली. तिथली पानं आता दुपारीही ताठ असतात. ज्या झाडांना फुलं आली होती त्यांना मोहरीएवढी हिरवी फळं धरलीत. फार नाहीत. ती पिकायला पुढचं वर्ष उजाडेल. पारावर मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, दृष्ट लावायला लोक टपलेलेच असतात. उघड्यावरच्या ओळींतली जी जगलीत त्यांच्यामधून अमृतानं शेवग्याच्या फांद्या रोवायच्या ठरवल्यात. शेवगा लवकर वाढतो आणि सावली विरळ देतो. माझी सगळ्यात चांगली माती, आणि तिच्यात मी स्वतःहून वसवा लावतोय. वडील असते तर मला दवाखान्यात नेलं असतं.

आता तुझ्या हुकमाबद्दल. "माझ्या बाजूला बी लाव कॉफी," म्हणालीस आणि फोन ठेवलास. बोलायला काय जातं? अमृतानं तुझं रान फिरून बघितलं. ती म्हणते, बांधाच्या तुझ्या अंगाला सकाळी सावली असते आणि दुपारी उघडं ऊन, म्हणजे कॉफीला पाहिजे त्याच्या बरोबर उलट. तिथं कॉफी लावायची तर आणखी पश्चिमेला, तुझ्या पलीकडच्या हद्दीवर, आधी झाडं हवीत. ती वाढायला काही वर्षं जातील. तोवर कॉफी नाही, नुसती वाट बघायची.

हे मी तुला फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, या वयात झाडं कुणासाठी लावायची. म्हणून विचारलंच नाही. परवापासून मी तुझ्या हद्दीवर खड्डे खणतोय. उन्हं उतरली की जातो. माती कडक आहे, पहार उडते, तरी निम्म्याहून जास्त झालेत. त्यात शेणखत आणि जांभळाचाच पाला भरून ठेवतो, म्हणजे पावसाळ्यापर्यंत मुरेल. तुझ्या शेजाऱ्यानं काल बांधावर येऊन विचारलं, "रामदासभाऊ, ह्या झाडांचा वसवा आमच्या रानात येनार न्हाई ना?" मी म्हटलं, येणार. सकाळच्या पारी येणार. तुमीबी कॉफी लावा.

तो वैतागून गेला. त्याला पत्र लिहायला तू मोकळी आहेस.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असते, तुला माहीत आहे. कपिलला गाडी काढायला सांग. तुझ्या पायाला बांधावरून चालवणार नसेल तर मी बैलगाडीवाटेनं खुर्ची नेऊन ठेवतो. कुठल्या खड्ड्यात कुठलं झाड ते मी ठरवणार नाही. ते तुझं रान आहे, तू खुर्चीत बसून बोट दाखव, रोप मी लावतो.

फक्त जांभूळ सांगू नकोस, ताई. आणि सांगितलंस तर तेही लावीन.

तुझा
रामा